विषदंशाच्या उपचाराचे वैद्यकीय प्रशिक्षण : पार्श्वभूमी

विषदंशावरचे औषध आणि ते वापरण्याचे शिक्षण यांच्या वाटचालीत मोठे अंतर राहिले आहे. १८९४ मध्ये पॅरिस येथे फिझालिक्स व बेर्त्राँ यांनी, आणि स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी, विषाची मात्रा हळूहळू वाढवत दिलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला विषापासून वाचवतो हे सिद्ध केले. मात्र, नागाच्या विषाविरुद्धचा असा रक्तद्रव, म्हणजेच प्रतिविष, सर्व सापांवर चालेल, ही काल्मेत यांची अपेक्षा खरी ठरली नाही. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी दाखवले की, तेथील सापांच्या विषावर तेथीलच सापांच्या विषापासून बनवलेले प्रतिविष लागते. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या, प्रतिविष बनवणाऱ्या तेथील बुतांतान संस्थेच्या कामाचा पाया हाच होता.

यातून डॉक्टरांपुढे नवा प्रश्न उभा राहिला : रुग्णाला कोणता साप चावला? पाठ्यपुस्तकांनी त्याचे उत्तर सापाच्या खवल्यांत आणि दातांच्या खुणांत शोधले. रुग्ण मात्र बहुधा साप न पाहताच येतो. त्यामुळे पुढे लक्षणांवरून निदान करण्याची पद्धत रूढ झाली, आणि माझ्या मते या विषयाच्या अध्यापनातील हाच सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. पापण्या मिटू लागणे, बोलणे अडखळणे आणि श्वास मंदावणे ही नाग किंवा मण्यार यांच्या दंशाची चिन्हे असतात. घोणस व फुरसे यांच्या दंशात रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हा बिघाड ओळखण्यासाठी थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवावे लागते, आणि नळी तिरपी केल्यावर ते वाहिले तर निदान होते. प्रयोगशाळा नसलेल्या दवाखान्यातही ही चाचणी करता येते, म्हणून ती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलेली असावी.

भारतात विषशास्त्र हे परंपरेने न्यायवैद्यकशास्त्राबरोबर शिकवले जाते, म्हणजे जिवंत रुग्णापेक्षा मृत्यूच्या कारणाशी जवळीक असलेल्या विषयात. प्रथमोपचाराचे धडेही दीर्घकाळ चुकीचे होते. आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, विष चोखणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आणि पुढे घातक म्हणून सोडून द्यावे लागले.

विंचूदंशाचा इतिहास यापेक्षा आशादायक आहे. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू रुग्णाशेजारी बसून तपशिलाने नोंदवले. या विषामुळे शरीरातील उत्तेजक संप्रेरके एकाएकी उसळतात, रक्तदाब वाढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन येथे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८० च्या दशकात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. ग्रामीण दवाखान्यातील निरीक्षणाने पाठ्यपुस्तकात भर घातल्याचे हे उदाहरण आहे.

भारतात २००७ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय उपचारसंहिता आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत प्राधान्याचे स्थान दिले आणि २०१९ मध्ये, २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. या आराखड्यात आरोग्यकर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे. प्रतिविषामुळे तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, आणि तेव्हा ॲड्रेनालिन लगेच द्यावे लागते. त्याचा सराव नसलेला डॉक्टर प्रतिविष हाताशी असूनही ते देण्यास कचरतो.