बटाटे धुवायची घाई नडली

फोंड्याला आमच्या परसात गेल्या वर्षी पाऊस पूर्ण थांबल्यावर नोव्हेंबरात हौस म्हणून दोन वाफे बटाटे लावले होते, फेब्रुवारीत सहाएक किलो निघाले, लिंबाएवढे का होईना पण घरचे. मग मी शहाणपणा केला, सगळे नळाखाली स्वच्छ धुतले आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून ओट्याखाली ठेवले. आठ दिवसांत असा वास सुटला की आई उंदीर मेला म्हणून शोधत होती.

झालं काय, तर बटाटा हे मूळ नव्हेच, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, त्याचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या, आणि खणून काढला तरी तो जिवंत असतो, श्वास घेतो. सालीवर बारीक ठिपके दिसतात ना, त्या त्याच्या नाकपुड्या. सालीवर पाण्याचा थर राहिला की हवा आत जात नाही आणि कुजवणाऱ्या बॅक्टेरियाचं फावतं, ते पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिनच विरघळवतात, म्हणून बोट लावलं की लगदा.

यंदा पाला पिवळा पडल्यावर पाणी बंद केलं आणि दोन आठवडे बटाटे मातीतच राहू दिले. मग एक काढून अंगठ्याने घासून बघायचा, साल सुटली तर अजून कोवळा. खणल्यावर फक्त माती झटकली आणि गोणपाटावर एकेरी पसरून अंधाऱ्या खोलीत दहा-पंधरा दिवस ठेवले, याला क्युरिंग म्हणतात. कुदळ लागलेल्या जागी सुबेरिनचा थर चढतो, बाटलीच्या बुचात असतं तेच हे सुबेरिन, आणि त्याला दमट हवा लागते, जी आपल्याकडे फुकट आहे! कुदळीने आरपार चिरलेले मात्र त्याच दिवशी भाजीत.

अंधार कशाला, तर उजेडात बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्याने काही होत नाही, पण त्याच्याबरोबर सोलॅनिन वाढतं ते विषारी, आणि उकडून जात नाही.

फ्रिजमध्ये ठेवू म्हणाल तर तिथल्या 4-5 अंशांत स्टार्चची साखर होते, मग काप तळले की करपल्यासारखे काळे. म्हणून बांबूची टोपली, खाली वारा, कांद्यापासून लांब. तरी बटाट्याची दोन-तीन महिन्यांची झोप आपल्या उकाड्यात लवकर मोडते, त्यामुळे शिगम्यापर्यंत खाऊन संपवलेले बरे.

राहिलेल्या चार बटाट्यांना कोंब आले ते आईने एप्रिलात कुंडीत पुरले. गरम रात्रीत पानांकडून खाली बटाटा धरायचा निरोपच नीट जात नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा 25 च्या आसपास असतो. पाला काय जोरात आला होता, शेजारीण विचारून गेली कसलं झाड म्हणून. जूनमध्ये कुंडी उपडी केली तर गांडुळं तेवढी निघाली.