'पर्यावरणीय वर्णद्वेष': हा शब्द आला कुठून?

विषारी कचऱ्याचे आणि प्रदूषणाचे ओझे वंश पाहून लोकांच्या दारात टाकणे, याला 'पर्यावरणीय वर्णद्वेष' म्हणतात. त्याची गोष्ट अशी. १९७८च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात रात्रीच्या वेळी एक टँकर फिरायचा. त्यातून ट्रान्सफॉर्मरचे टाकाऊ तेल रस्त्याकडेच्या मातीवर सांडत जायचे. सुमारे २४० मैल रस्ता असा भिजला. तेलात पीसीबी हे घातक रसायन होते. नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायला पैसे पडतात, ते वाचवण्यासाठी हा उद्योग. दोषींना पुढे शिक्षा झाली. पण खरवडून काढलेली विषारी माती पुरायची कुठे?

सरकारने वॉरेन काउंटीतले आफ्टन हे खेडे निवडले. ही निवड मला आजही उघड अन्यायाची वाटते. तिथे पाच-दहा फुटांवर भूजल लागायचे आणि लोक विहिरीचेच पाणी प्यायचे. अशा खड्ड्याचा तळ भूजलापासून ५० फूट वर असावा, असा केंद्रीय पर्यावरण संस्थेचा नियम होता. आफ्टनसाठी त्यातून सूट देण्यात आली. काउंटीतले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, आणि राज्यातल्या सर्वांत गरीब भागांत तिची गणना व्हायची.

चार वर्षे गावाने सुनावण्या केल्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. काही उपयोग झाला नाही. १५ सप्टेंबर १९८२ला मातीचे ट्रक येऊ लागले, तेव्हा कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चपासून मोर्चे निघाले आणि माणसे ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली. बायका होत्या, शाळकरी मुले होती, काही गोरे शेजारीही होते. सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत अमेरिकी काँग्रेसमधले प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय होते आणि रेव्हरंड बेंजामिन चेव्हिसही. 'पर्यावरणीय वर्णद्वेष' हा शब्द चेव्हिस यांच्याच नावावर आहे. खड्डा मात्र भरलाच.

अनुभव जुना होता, नाव तेवढे नवे. १९६८मध्ये मेंफिसच्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी कचरा उचलण्याच्या धोकादायक कामाच्या परिस्थितीविरुद्ध संप केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेल्या मार्टिन लूथर किंग यांची तिथेच हत्या झाली. ह्यूस्टनमध्ये १९७९ साली वस्तीजवळच्या कचराभूमीविरुद्ध खटला उभा राहिला. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी शहराचे नकाशे धुंडाळले. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाल्या, आणि शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण होते जेमतेम पाव. तरीही रहिवासी खटला हरले.

आफ्टननंतर मोजदाद देशपातळीवर गेली. फॉन्ट्रॉय यांच्या मागणीवरून १९८३मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागा तपासल्या. त्यांतल्या तीन कृष्णवर्णीयबहुल वस्त्यांलगत होत्या. १९८७मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या अहवालाने देशभरची आकडेवारी मांडली: असा कचरा कुठे जातो हे ठरवण्यात गरिबीपेक्षाही वंशाचा वाटा मोठा.

आपल्याला हे परके वाटायला नको. भोपाळमध्ये हजारो माणसे मारणारा मिथिल आयसोसायनेट वायू युनियन कार्बाइड अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी बनवत होती. ते गाव वाढले ते कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजभोवती. भोपाळनंतर आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९८५मध्ये, तिथल्या कारखान्यातून दुसरे एक रसायन गळले आणि शंभराहून जास्त लोकांना रुग्णालय गाठावे लागले.

या लढ्यात सर्वांत अवघड असते ते आजार सिद्ध करणे. पीसीबी चरबीत साठते, वर्षानुवर्षे टिकते, आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचते. ते कर्करोगकारक आहे. थायरॉइडवर, प्रतिकारशक्तीवर आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचे परिणाम होतात. पण एखाद्या बाईला झालेला कर्करोग त्याच खड्ड्यामुळे झाला हे कोर्टात कसे दाखवणार? पुराव्याचे ओझे नेहमी विष अंगावर घेणाऱ्यांवरच टाकले जाते, याची चीड यावी. हवेचे चित्रही वेगळे नाही. २०२१च्या एका देशव्यापी अभ्यासात आढळले, की सारख्याच उत्पन्नाच्या कुटुंबांतही गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांच्या वाट्याला सूक्ष्म धूलिकण जास्त येतात. दम्याने होणारे मृत्यूही त्यांच्यात गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहेत.

११ फेब्रुवारी १९९४ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून केंद्रीय खात्यांना पर्यावरणीय न्यायाचा विचार बंधनकारक केला. आफ्टनची माती भट्टीत तापवून निर्विष करायला मात्र २००३ साल संपत आले; तंत्र सापडताच हे करू, असे वचन सरकारने १९८२मध्येच दिले होते. क्लिंटन यांचा आदेश ट्रम्प सरकारने २१ जानेवारी २०२५ला रद्द केला. कोणत्या वस्तीशेजारी किती प्रदूषण आहे हे दाखवणारा सरकारी नकाशाही पुढच्याच महिन्यात संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. सरकारबाहेरच्या संशोधकांनी त्याची प्रत जपली होती. ती त्यांनी पुन्हा लोकांसाठी खुली केली आहे.