त्रैक्य आणि ख्रिस्ताचे दोन स्वभाव: गल्लत नेमकी कुठे होते

"हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर प्राण दिलास, म्हणून तुझे आभार मानतो." सार्वजनिक प्रार्थनेत असं वाक्य सहज निघून जातं आणि त्यावर 'आमेन'ही म्हटलं जातं. भाव खरा असतो, पण ख्रिस्ती शिकवणीच्या हिशेबाने वाक्य चूक आहे. वधस्तंभावर पिता मेला नाही, पुत्र मेला. याच्या अगदी उलट चूकही तितकीच नेहमीची: "मेला तो येशू नावाचा माणूस, देव थोडाच मरतो?" हेही चर्चने पंधराशे वर्षांपूर्वीच नाकारलं आहे.

पहिल्या वाक्यात त्रैक्याचा नियम मोडतो, दुसऱ्यात ख्रिस्ताच्या दोन स्वभावांचा. दोन्ही शिकवणी येशू कोण याबद्दलच बोलतात, दोन्हींत 'एक' हा आकडा येतो, त्यामुळे एकीचा नियम नकळत दुसरीला लावला जातो.

सूत्र छोटं आहे. त्रैक्यात तत्त्व एक, व्यक्ती तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. ख्रिस्तात व्यक्ती एक, स्वभाव दोन: देवत्व आणि मनुष्यत्व. म्हणजे त्रैक्याबद्दल 'काय?' असं विचारलं तर उत्तर एकच, देव, 'कोण?' विचारलं तर उत्तरं तीन. ख्रिस्ताबद्दल मात्र 'कोण?' याचं उत्तर एक, पुत्र, आणि 'काय?' याची दोन, देव आणि मनुष्य. यातला 'स्वभाव' म्हणजे रागीट किंवा मनमिळाऊ स्वभाव नव्हे. एखादा जो काही आहे तो ज्यामुळे असतो, ते. 'व्यक्ती' म्हणजेही सुटं माणूस नव्हे. तीन माणसांत मनुष्यत्व समान असलं तरी माणसं तीनच राहतात. देवत्व मात्र तिघांत वाटलं जात नाही, म्हणून देव तीन होत नाहीत.

पहिला प्रश्न, त्रैक्याचा, आधी सुटला. इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) भरलेल्या बिशपांच्या परिषदेपुढे वाद होता तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचा. एरियस ख्रिस्ताला मानत नव्हता असं नाही. त्याच्या मते पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती होती, पण होती निर्मितीच. पुत्र नव्हता असा एक टप्पा होऊन गेला होता. परिषदेने उत्तर दिलं: पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि पित्याशी एकतत्त्व आहे. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याबद्दलचा भाग वाढवला गेला. आज चर्चमध्ये नायसियाचा मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) म्हणून जो म्हटला जातो, तो या दुसऱ्या परिषदेच्या नावावरचा. यहोवाचे साक्षीदार आजही पुत्राला निर्मितीच मानतात, म्हणजे हा वाद केवळ इतिहासजमा नाही.

दुसऱ्या टोकाची चूक सबेलियसच्या नावाने ओळखली जाते. व्यक्ती एकच, ती कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा म्हणून समोर येते, असं हे मत. संडे स्कूलमध्ये आवडीने दिलं जाणारं पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण नेमकं हेच शिकवतं. तेच पाणी एकाच वेळी तिन्ही रूपांत नसतं. उलट येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी (मत्तय ३:१६-१७) पुत्र नदीतून वर येतो आहे, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे, तिन्ही एकाच क्षणी. हे उदाहरण मुलांना न दिलेलं बरं. मोठेपणी ते डोक्यातून काढायला फार वेळ लागतो. त्रिमूर्तीशी घातलेली सांगडही अशीच फसवी. तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात जगाशी निगडित प्रत्येक काम तिघांचं मिळून असतं. देहधारण मात्र फक्त पुत्राने केलं, पित्याने नाही आणि आत्म्यानेही नाही.

आणि इथूनच दुसरा प्रश्न सुरू होतो. पुत्र जर पूर्ण देव असेल, तर तो माणूस झाला म्हणजे नेमकं काय झालं?

लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस म्हणाला, देह माणसाचा, पण मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे पुत्र. ऐकायला सोपं, पण यात येशू पुरता माणूस राहत नाही. नाझियान्झसचा ग्रेगरी याला जे उत्तर देतो ते सगळ्या वादाची किल्ली आहे: जे धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. मानवी मन घेतलंच नसेल, तर मानवी मनाचं तारणही झालेलं नाही.

कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस 'देवाची माता' हे मरियेचं संबोधन वापरायला कचरत होता. त्याला 'ख्रिस्ताची माता' बरं वाटे. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने त्याला घेरलं आणि ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेने सिरिलची बाजू घेतली. मुद्दा वरवर मरियेचा, आतून ख्रिस्ताचा होता. आई जन्म देते ती कोणाला तरी, नुसत्या स्वभावाला नव्हे. मरियेपासून देवत्वाचा उगम झाला असं कोणीच म्हणत नव्हतं. पण तिच्या पोटी आला तो 'कोण', याचं उत्तर 'देवपुत्र' असंच असेल, तर ती देवाची माता ठरतेच. हे नाकारलं तर देवपुत्र एक आणि मरियेचा मुलगा दुसरा, असे दोघे होतात. मग त्रैक्यात चौथा आणून बसवल्यासारखं होतं.

याच्या विरुद्ध टोकाला युटिकस हा मठाधिपती गेला. एकत्र येण्यापूर्वी स्वभाव दोन, आल्यावर एक, असं त्याचं म्हणणं. त्यात मनुष्यत्व देवत्वात विरून जातं. ४५१ मध्ये काल्सेडनला (आजच्या इस्तंबूलचा कादिक्यॉय भाग) परिषदेने दोघांनाही बाहेर ठेवणारी व्याख्या केली: एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, मिसळण न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. पहिले दोन शब्दप्रयोग युटिकसला रोखतात, पुढचे दोन नेस्टोरियसला. चारही नकारार्थी आहेत. देव माणूस कसा झाला हे काल्सेडन समजावतच नाही. कोणत्या चार वाटांनी जायचं नाही, एवढंच सांगतं. अवताराच्या कल्पनेपेक्षा हे वेगळं कसं, असं मराठी वाचक हमखास विचारतो. एक मोठा फरक असा की इथे धारण केलेलं मनुष्यत्व काम झाल्यावर सोडून दिलं जात नाही. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो (लूक २४:४२-४३), आणि त्याच देहासह स्वर्गात जातो, अशी श्रद्धा आहे.

यातून बोलण्याचा एक नेमका नियम निघतो. दोन्हींपैकी कोणत्याही स्वभावाबद्दल जे खरं आहे ते त्या व्यक्तीबद्दल म्हणता येतं, तिला कोणत्याही नावाने हाक मारा. पण एका स्वभावाचं दुसऱ्या स्वभावाला चिकटवता येत नाही. 'देवपुत्र मेला' हे बरोबर, 'देवत्व मेलं' हे चूक. 'येशूने विश्व निर्माण केलं' बरोबर, 'येशूच्या मनुष्यत्वाने विश्व निर्माण केलं' चूक. प्रेषित पौलही 'गौरवी प्रभूला' वधस्तंभावर खिळलं असंच लिहितो (१ करिंथ २:८). सुरुवातीच्या दोन वाक्यांपैकी दुसरं इथे पडतं. पहिलं पडतं ते त्रैक्यात, कारण पिता ही व्यक्तीच निराळी.

वचन वाचताना आधी पाहायचं की फरक कोणाकोणात दाखवला आहे. येशू पित्याशी बोलतो किंवा पिता त्याला पाठवतो, तिथे दोन व्यक्ती आहेत. येशू थकतो, त्याला भूक लागते, तो 'ज्ञानाने वाढत' जातो (लूक २:५२), तिथे एकच व्यक्ती आपल्या मानवी स्वभावात दिसते. "मी आणि पिता एक आहोत" (योहान १०:३०) यात 'आहोत' हे अनेकवचन व्यक्ती वेगळ्या ठेवतं, आणि मूळ ग्रीकमधलं 'एक' नपुंसकलिंगी आहे, म्हणजे एकच माणूस असा त्याचा अर्थ होत नाही. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" (योहान १४:२८) हे वचन मात्र दोन्हीकडे बसतं. प्राचीन लॅटिन धर्मपंडित ऑगस्टीन ते मनुष्यत्वाबद्दल घेतो. ग्रेगरी म्हणतो, पुत्राचा उगम पित्यापासून आहे, थोरपण त्या अर्थाने. दोन्ही वाचनं मान्य आहेत, कारण दोन्हींत पुत्राचं देवत्व उणं होत नाही.

एक खबरदारी. चमत्कार देवत्वाच्या खात्यात आणि अश्रू मनुष्यत्वाच्या खात्यात अशी वाटणी करत सुटलं की येशू म्हणजे आळीपाळीने पुढे येणारी दोन पात्रं होऊन बसतात. मेलेला मित्र लाजर याच्या कबरीपाशी जो रडतो (योहान ११:३५) तोच त्याला हाक मारून बाहेर बोलावतो.

आता सगळ्यात कठीण जागा: गेथशेमाने, जिथे अटकेपूर्वी येशू पित्याला प्रार्थना करतो. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" (लूक २२:४२). बहुतेक जण याचा अर्थ लावतात की पित्याची इच्छा एक आणि पुत्राची दुसरी. इथे दोन्ही शिकवणी एकाच वाक्यात येऊन आदळतात. निवाडा एका प्रश्नावर होतो: इच्छा व्यक्तीची असते की स्वभावाची?

व्यक्तीची मानली तर त्रैक्यात तीन इच्छा होतात. त्यांचं एकमेकींशी जमलं नाही तर? मग देव तीन म्हणायला काय हरकत? आणि ख्रिस्तात व्यक्ती एक म्हणून इच्छाही एकच, देवाची. मग मनुष्यत्वाला स्वतःची इच्छाच उरत नाही, आणि अपोलिनारिस मागच्या दाराने परत येतो. इच्छा स्वभावाची मानली तर त्रैक्यात ती एकच राहते आणि ख्रिस्तात दोन होतात. मग गेथशेमानेतला ताण पिता आणि पुत्र या दोन देवांमधला नाही. मरणासमोर मागे सरणारी मानवी इच्छा आहे, जी प्रत्येक जिवंत माणसात असते आणि ज्यात पाप नाही. तीच इच्छा शेवटी होकार देते. प्रार्थना करणारा 'मी' मात्र एकच, पुत्र.

सातव्या शतकात हा प्रश्न राजकारणात सापडला. काल्सेडन न मानणारे पूर्वेकडचे प्रांत जवळ आणायला बायझंटाईन सम्राट हेराक्लियसने ६३८ मध्ये 'इच्छा एक' असा फतवा काढला. ६४८ मध्ये त्याचा नातू दुसरा कॉन्स्टान्स याने इच्छांबद्दल बोलण्यावरच बंदी घातली. पोप पहिला मार्टिन याने ६४९ मध्ये रोमच्या सभेत हे झुगारलं. त्याला पकडून क्रिमियात हद्दपार केलं गेलं आणि ६५५ मध्ये तो तिथेच वारला. मॅक्सिमस हा साधा मठवासी, कोणतंही पद नसलेला, पण दोन इच्छांच्या मताचा खरा मांडणारा तोच. त्याची जीभ आणि उजवा हात कापले, आणि आजच्या जॉर्जियात ६६२ मध्ये तो वारला. १९ वर्षांनी, ६८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने दोन इच्छा मान्य केल्या. दोषी ठरवलेल्यांच्या यादीत एक दिवंगत पोपही होता, होनोरियस.

शिकवण तीच असून निव्वळ गैरसमजाने दंगल झाली, असंही घडलं आहे. 'पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवाना, पवित्र अमरा' या प्राचीन स्तोत्रात तेव्हाच्या सिरियातल्या अंत्युखियात 'आमच्यासाठी वधस्तंभावर खिळलेल्या' ही जोड आली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये हे स्तोत्र त्रैक्याला उद्देशून म्हणत. त्यांच्या कानाला याचा अर्थ झाला: सगळं त्रैक्यच वधस्तंभावर गेलं. ५१२ मध्ये त्यावरून शहर पेटलं. सिरियात मात्र स्तोत्र ख्रिस्ताला उद्देशूनच होतं, आणि मग जोडीत काहीच गैर नाही. आजही मुंबई-पुण्यातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हे स्तोत्र जोडीसकट कानावर येतं. हे चर्च काल्सेडनची व्याख्या मानत नाही. पण युटिकसलाही मानत नाही. सिरिलच्या भाषेत 'देहधारी शब्दाचा एकच स्वभाव' म्हणताना मनुष्यत्व पूर्ण असल्याचंच ते सांगतं. त्यांना युटिकसच्या रांगेत बसवणं ही जुनी आणि चुकीची सवय आहे.

नेस्टोरियसचा शिक्का भारतातही मारला गेला. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर इथे धर्मसभा बोलावली आणि सेंट थॉमस ख्रिश्चनांची सिरियन पुस्तकं नेस्टोरियन म्हणून दुरुस्तीसाठी किंवा जाळण्यासाठी काढली. ज्या पूर्व-सिरियन परंपरेतून ती पुस्तकं आली, तिच्या असिरियन चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मरियेला 'ख्रिस्त आमच्या देवाची आणि तारणाऱ्याची माता' म्हणणं आणि 'देवाची माता' म्हणणं, दोन्ही एकाच श्रद्धेचे योग्य उद्गार आहेत, असं त्यात दोघांनी लिहून दिलं.