रॉकमधला अचानक पट्टीबदल: पार्श्वभूमी

रॉक गाण्याचं शेवटचं धृपद एकाएकी वर चढतं, त्याला गोव्यातले बँडवाले सरळ ‘स्केल चेंज’ म्हणतात. मराठीत लिहायला बसलं की घोटाळा होतो. फोंड्याकडच्या नाटकमंडळींच्या तोंडी ‘पट्टी’ आहे, पण ती गळा बघून आधीच ठरते, काळी एक, काळी चार अशी. पद चालू असताना कोणी ती हलवत नाही. म्हणून काही जाणकार ‘षड्जचालन’ सुचवतात. मला ते इथे पटत नाही. षड्जचालनात तंबोरा जागचा हलत नाही. गायक मधल्याच एखाद्या स्वराला घटकाभर सा मानतो, दुसऱ्या रागाची सावली पडते, आणि मूळ सा मागे वाजतच असतो. वाजतो म्हणून तर गंमत! रॉकमध्ये बेसपासून सगळंच सरकतं, जुना सा पुसला जातो. ‘ट्रान्सपोज’ही चालणार नाही; ते अख्खं गाणं दुसऱ्या पट्टीत नेणं. ‘पट्टीबदल’ त्यातल्या त्यात बरा.

जुनी पाश्चात्य रीत म्हणजे दोन्ही पट्ट्यांत असलेल्या कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावरून) पलीकडच्या पट्टीत जायचं. चर्चच्या शाळांत सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणत स्वरवाचन, शिकलेल्या गोमंतकीय वादकांना ती ओळखीची. रॉकने बऱ्याचदा मधला दुवाच गाळला. बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेली कॉर्ड, तशीच एक फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा पडदा) पुढे नेली की अर्धा स्वर वर! ट्रंपेटवाल्याचं गणित वेगळं. ई मेजर पट्टीत गिटारची मोकळी तार घुमते, पण बी फ्लॅट ट्रंपेटचं संगीत एक स्वर वर लिहितात, म्हणून त्याच्या कागदावर सहा शार्प (अर्ध्याने चढवलेले स्वर). एफवर उडी मारली की ट्रंपेटला एकच शार्प उरतो आणि गिटारवाला ती घुमणारी तार गमावतो.

१९७० च्या एका गाजलेल्या गाण्यात कडवं सी शार्प मायनरमध्ये आहे आणि धृपद थेट डी मायनरमध्ये. १९८६ च्या एका अमेरिकन गाण्यात शेवटचं धृपद तीन अर्धस्वर चढतं, शिवाय तिथेच एक मात्रा गाळलीय. लग्नाच्या हॉलमध्ये नाचणारे नेमके तिथेच अडखळतात.

पुढे कीबोर्डवर बटण आलं. ते दाबलं की बोटं कीबोर्डच्या त्याच काळ्या-पांढऱ्या कळांवर राहतात आणि सा सरकतो. बटणावर ‘ट्रान्सपोज’ लिहिलेलं असतं, त्यामुळे बँडवाले आता या उडीलाही ट्रान्सपोजच म्हणू लागलेत.