बिटमास्क (फोर्थमधील रजिस्टर-नियंत्रण)

मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपवरचा छोटा संगणक) रजिस्टरमधले (हार्डवेअर चालवणारा मेमरीचा कप्पा) निवडक बिट बदलण्यासाठी किंवा तपासण्यासाठी वापरली जाणारी द्विमान संख्या. हव्या त्या स्थानी 1, इतरत्र 0. फोर्थ या प्रोग्रॅमिंग भाषेत स्टॅकवर (मूल्ये एकावर एक रचण्याची जागा) आधी मास्क, मग रजिस्टरचा पत्ता ठेवतात.

आर्म कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांवरील मेक्रिस्प-स्टेलारिस या फोर्थमध्ये बिट 1 करण्यास ‘बिस!’, 0 करण्यास ‘बिक!’, उलटवण्यास ‘झॉर!’ व तपासण्यास ‘बिट@’ हे शब्द आहेत. ‘बिट@’ मास्कने निवडलेल्यांपैकी रजिस्टरचा एक बिट जरी 1 असला तरी होकार देतो. बिस, बिक, बिट ही नावे पीडीपी-11 (1970) या संगणकाच्या आज्ञासंचात आढळतात. मेक्रिस्पचा आरंभ मात्र एमएसपी430 या चिपवर झाला आणि तिच्या आज्ञाही याच नावांच्या असल्याने उगम तिथला मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रमाण शब्दांत बिट पुसण्याची रीत ‘पत्ता @ मास्क इन्व्हर्ट अँड पत्ता !’ अशी (‘@’ वाचतो, ‘!’ लिहितो, ‘इन्व्हर्ट’ सगळे बिट उलटवतो). जुन्या लेखनात ‘इन्व्हर्ट’च्या जागी ‘नॉट’ दिसतो व तेथे जपावे लागते. फोर्थ-79 या प्रमाणात ‘नॉट’ तार्किक होता: शून्येतर मास्कचे तो 0 करतो, आणि ‘अँड’नंतर सगळे रजिस्टरच पुसले जाते. फोर्थ-83 ने त्याला बिटवार (प्रत्येक बिट उलटवण्याचा) अर्थ दिला. 1994 च्या अन्सी (अमेरिकी प्रमाण संस्था) प्रमाणाने ‘नॉट’ वगळून बिटवार ‘इन्व्हर्ट’ व तार्किक ‘0=’ वेगळे ठेवले; हीच विभागणी निर्धोक होय.

एसटीएम32एफ4 या मायक्रोकंट्रोलरमध्ये ए पोर्टची 5 क्रमांकाची पिन आउटपुट करताना आधी त्या पोर्टचे घड्याळ (क्लॉक) चालू करावे (‘1 $40023830 बिस!’), नाहीतर पुढचे लेखन वाया जाते. मग, दर पिनेला दोन बिट असल्याने 10 जागा डावीकडे सरकवून (‘एलशिफ्ट’), ‘3 10 एलशिफ्ट $40020000 बिक!’ व ‘1 10 एलशिफ्ट $40020000 बिस!’. यातली ‘बिक!’ची पायरी गाळल्यास दोन बिटांच्या क्षेत्रात जुना 2 उरलेला असू शकतो. त्यात 1 मिळून 3, म्हणजे अ‍ॅनालॉग, होतो. मास्क न वापरता सबंध रजिस्टरच लिहिल्यास 13 व 14 या पिनांवरचा डीबगर (दोष शोधण्याचे साधन) तुटतो. ‘हेक्स’ (सोळा-आधारी मोजणी) चालू असताना ‘10’ म्हणजे सोळा, हेही विसरू नये.

‘बिस!’मध्ये वाचन, बदल व लेखन असे तीन टप्पे असतात. मध्येच इंटरप्टने (चालू काम थांबवून येणारे तातडीचे काम) तेच रजिस्टर बदलले, तर तो बदल हरवतो. म्हणून पिन चालू-बंद करण्यास $40020018 येथील बीएसआरआर रजिस्टरवर साधे ‘!’ वापरावे: खालचे 16 बिट पिन चालू करतात, वरचे 16 बंद. 1 लिहिल्याने पुसल्या जाणाऱ्या ध्वजांच्या (घटना घडल्याची खूण ठेवणारे बिट) रजिस्टरवर ‘बिस!’ घातक ठरतो; वाचलेले सगळे 1 परत लिहिले जाऊन अद्याप न हाताळलेले इंटरप्टही नाहीसे होतात. तेथेही मास्क केवळ ‘!’ ने लिहावा.