रँटर कोण, क्वेकर कोण?

१६५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एखाद्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पाळकाला क्वेकर आणि रँटर या दोन बंडखोर ख्रिस्ती गटांत फरक काय, असं विचारलं असतं तर त्याने एका दमात दोघांचाही उद्धार केला असता. रिचर्ड बॅक्स्टर हा त्या काळातला नावाजलेला विद्वान पाळक. त्याच्या मते क्वेकर म्हणजे मुळातले रँटरच. आधीचा बीभत्स शिवराळपणा सोडून आता दुसऱ्या टोकाला, कडक विरक्तीला जाऊन बसलेले. उपदेशक आणि लेखक जॉन बनियनने तर आणखी झोंबेल असं लिहिलं. मतं तीच आहेत, रँटरांनी ती दारूच्या गुत्त्यात वापरून वापरून झिजवली होती आणि क्वेकरांनी त्यांना वरून सोवळेपणाची नवी झिलई दिली, असा त्याचा टोला.

आज हे वाचून गंमत वाटते. क्वेकर म्हटलं की युद्धाला आणि गुलामगिरीला विरोध करणारी, साधी राहणी असलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन संस्थांना मिळालं. रँटर मात्र तळटिपेत गेले. म्हणून बॅक्स्टर आणि बनियन आकसाने बोलत होते असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. दोघांत साम्य होतं, आणि चांगलं घसघशीत होतं.

काळच तसा होता. बिशपांची सत्ता १६४६ मध्येच मोडीत निघाली होती. पार्लमेंटशी झालेल्या यादवी युद्धात राजा चार्ल्स हरला आणि ३० जानेवारी १६४९ ला त्याचा शिरच्छेद झाला. छापखान्यांवरचा वचक ढिला पडला होता, ज्याला जे सुचेल ते तो बोलत आणि छापत होता. त्याच वर्षी मे महिन्यात बर्फर्डला लेव्हलर, म्हणजे समान राजकीय हक्क मागणाऱ्या सैनिकांचं बंड पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेलने चिरडलं आणि राज्यव्यवस्था उलथेल या आशेवर जगणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर काही बदलत नाही म्हटल्यावर बरेच जण आत वळले. रँटर आणि क्वेकर दोघंही याच मातीतले. देव चर्चच्या इमारतीत नाही, पगारी पाळकाच्या खिशात नाही, बायबलच्या अक्षरांत कोंडलेला नाही. तो माणसाच्या आत आहे आणि आजही थेट बोलतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे विधी नसले तरी अडत नाही. इथपर्यंत दोघांचं एकमत.

पुढे प्रश्न येतो: देव आत आहे, तर मग पापाचं काय?

रँटरांचं उत्तर सरळसोट होतं. देव सगळ्यात आहे, म्हणजे सगळं देवाचंच आहे. पाप ही माणसाच्या मनातली कल्पना. त्यांच्यातल्या लॉरेन्स क्लार्क्सनने तर असं मांडलं, की एखादी गोष्ट पाप न मानता करून पाहिल्याशिवाय पापातून सुटका नाही. आणि ती गोष्ट कोणती, हेही त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं: परस्त्रीगमन. जेकब बॉथम्ली हा सैनिक याच प्रवाहातला, पण स्वभावाने शांत. देव प्रत्येक प्राण्यात, प्रत्येक पानात आहे असं त्याने लिहिलं, त्याबद्दल तापलेल्या सळीने त्याची जीभ टोचली गेली.

अबायझर कॉप या तिसऱ्या रँटर लेखकाचं वेगळंच होतं. त्याच्या शिव्याशापांची चर्चा फार झाली, पण त्याचा खरा रोख श्रीमंतांवर होता. घरं, घोडे, सोनंनाणं सगळं सोडा, नाहीतर देव येऊन तुमचं होत्याचं नव्हतं करील, असं तो लंडनच्या रस्त्यांवर बग्ग्यांपुढे ओरडत असे. त्याने स्वतःच लिहिलेला एक प्रसंग आहे. वाटेत एक विद्रूप भिकारी भेटतो. कॉप आधी मोजकीच नाणी देण्याचा विचार करतो, सुटे नसल्याने घुटमळतो, पुढे निघून जातो. मग घोडा वळवून परत येतो, जवळचे सगळे पैसे त्याच्या हातात ठेवतो आणि डोक्यावरची टोपी काढून त्याला सात वेळा वाकून नमस्कार करतो. पार्लमेंटने फेब्रुवारी १६५० मध्ये त्याचं पुस्तक जाळायचा हुकूम काढला. कॉप तुरुंगात गेला आणि १६५१ मध्ये आपली मतं मागे घेऊन सुटला.

टोपीचा प्रसंग लक्षात ठेवा, कारण क्वेकरांची टोपी प्रसिद्ध आहे ती उलट कारणासाठी. (ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला बाबा पाहून तुम्ही ‘हेच का ते?’ असं म्हणणार असाल, तर त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही, तिने नुसतं नाव उचललं.) क्वेकर कुणापुढेच टोपी काढत नसत. न्यायाधीश असो, जहागीरदार असो, टोपी डोक्यावरच. मोठ्यांनाही ते एकेरीत बोलत. कोर्टात शपथ घेत नसत, चर्चला दशमांश देत नसत. रँटर भिकाऱ्यापुढे टोपी काढून जगाची उतरंड उलटी करतो. क्वेकर कुणापुढेच न काढता ती सपाट करतो. न्यायाधीशाच्या खुर्चीवरून मात्र दोन्ही उद्धटपणाच दिसत होता.

क्वेकर चळवळीचा मुख्य माणूस जॉर्ज फॉक्स. १६२४ मध्ये लेस्टरशरमधल्या एका खेड्यात विणकराच्या घरी जन्मलेला, चांभाराच्या हाताखाली उमेदवारी केलेला. प्रत्येक माणसात ख्रिस्ताचा उजेड आहे, हे त्याचं सांगणं. इथेच गल्लत होते. रँटरांचा आतला देव सांगत होता, की तू मोकळा आहेस. फॉक्सचा आतला उजेड आधी तुमची लबाडी दाखवतो, ती टाकून द्यायला लावतो आणि मग कुठे शांती देतो. पापातून पूर्ण सुटका याच जन्मी शक्य आहे असं दोघंही म्हणत. पण एकाच्या मते पाप उरत नाही, कारण ते मुळात नव्हतंच. दुसऱ्याच्या मते ते उरत नाही, कारण ते करणं थांबतं.

फॉक्सच्या आठवणींत रँटर वारंवार येतात. त्याने त्या खूप नंतर सांगितल्या आणि त्या छापल्या गेल्या त्याच्या मृत्यूनंतर, १६९४ मध्ये, त्यामुळे प्रत्येक वादात तोच जिंकतो याचं नवल नाही. तरी कॉव्हेंट्रीच्या तुरुंगातला १६४९ चा प्रसंग फार बोलका आहे. तिथे कोंडलेले काही जण ‘आम्हीच देव आहोत’ असं म्हणू लागले. फॉक्सने शांतपणे विचारलं, ‘उद्या पाऊस पडेल का?’ ते म्हणाले, सांगता येत नाही. ‘देवाला सांगता येतं,’ फॉक्स म्हणाला. त्यातल्याच जोसेफ सॅमनने पुढे माफीपत्र छापलं आणि मंडळी सुटली.

दुसऱ्या एका वेळी एका आगाऊ पोराने ‘सगळं आपलंच आहे’ असं म्हणत तंबाखूचा पाइप त्याच्यापुढे केला. फॉक्स तंबाखू ओढत नव्हता. पण नाही म्हणावं तर हा म्हणणार, बघा, याची सृष्टीशी एकरूपता नाही! म्हणून त्याने पाइप घेतला, ओठांना लावला आणि परत देऊन टाकला. मला हा प्रसंग तुरुंगातल्या वादापेक्षा जास्त सांगून जातो. ज्यांचं म्हणणं आपल्यापासून लांब असतं, त्यांच्या टोमण्याची इतकी काळजी कुणी करत नाही.

कायद्याने तर दोघांना एकाच दोरीत बांधलं. ९ ऑगस्ट १६५० ला पार्लमेंटने धर्मनिंदेविरुद्ध कायदा केला, तो रँटरांना डोळ्यांपुढे ठेवून. स्वतःला देव म्हणवणं, शिवीगाळ, दारूबाजी, व्यभिचार ही पापं नव्हेत असं सांगणं, हे सगळं गुन्हा ठरलं. पहिल्या वेळी सहा महिने कैद, दुसऱ्यांदा हद्दपारी, परत आलात तर मृत्युदंड. त्याच वर्षी ऑक्टोबरात डर्बीमध्ये या कायद्याखाली आत गेला जॉर्ज फॉक्स! न्यायाधीशांनी विचारलं, तुझ्यात पाप नाही का? तो म्हणाला, माझ्या तारणाऱ्याने ते दूर केलं आहे. मग तूच ख्रिस्त का? नाही, आम्ही कुणीच नाही, ख्रिस्तच सर्व काही. एवढ्यावर सहा महिने. देवाच्या शब्दापुढे थरथर कापा, असं फॉक्सने सुनावलं म्हणून न्यायाधीश जर्व्हेस बेनेटने फॉक्सच्या मंडळींना ‘कापणारे’, म्हणजे क्वेकर, हे नाव ठेवलं, तेही याच डर्बीत.

दोन वर्षांनी यॉर्कशरमधल्या ड्यूरंड हॉथम या न्यायाधीशाने नेमकं उलट मत दिलं: देवाने हा उजेडाचा विचार उभा केला नसता तर सगळा देश रँटरांनी भरून गेला असता. हे फॉक्सनेच नोंदवलं आहे, तेव्हा जरा जपून घ्यावं. पण बरेच माजी रँटर क्वेकरांत आले हे खरं, आणि बॅक्स्टरलाही तेच दिसत होतं. त्याला त्यात रोगाने रूप बदललेलं दिसलं, हॉथमला औषध.

तोवर या भांडणात सज्जड पुरावा कुणाकडे नव्हता. तो १६५६ मध्ये क्वेकरांनीच विरोधकांच्या हाती दिला.

जेम्स नेलर हा पार्लमेंटच्या फौजेतला जुना सैनिक, क्वेकरांचा बहुधा सगळ्यांत प्रभावी वक्ता. लंडनमध्ये अनेकांना तोच पुढारी वाटे. मार्था सिमंड्स आणि तिच्या साथीदारांनी त्याला जवळजवळ देव्हाऱ्यात बसवलं. जॉन स्ट्रेंजरने त्याला लिहिलं, की तुझं नाव आता जेम्स नाही, येशू आहे. डॉर्कस अर्बरी म्हणाली, मी मेले होते, एक्झिटरच्या तुरुंगात याने मला उठवलं. त्या तुरुंगात फॉक्स त्याला भेटायला गेला तेव्हा फॉक्सच्या प्रार्थनेच्या वेळी नेलरच्या मंडळींनी टोप्या डोक्यावरच ठेवल्या; माणसापुढे टोपी न काढणारे क्वेकर देवाच्या प्रार्थनेत मात्र ती काढत, म्हणून हा अपमान होता. नेलर समेटाचं चुंबन घ्यायला पुढे झाला, तर फॉक्सने चुंबनासाठी पाय पुढे केला. फॉक्सच्या बाजूने कितीही विचार केला तरी हे शोभलं नाही.

२४ ऑक्टोबरला, भर पावसात, नेलर घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला. बरोबरचे स्त्रीपुरुष चिखलातून चालत, त्याच्यापुढे कपडे अंथरत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असं गात होते. येशूच्या यरुशलेम प्रवेशाची ही नक्कल आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चौकशीत नेलरने सांगितलं, हा मान मला, या देहाला नाही. देवाने मला नुसती खूण म्हणून उभं केलं आहे. तत्त्वाला धरून ते बरोबरच होतं. पण आतल्या ख्रिस्ताला नमस्कार आणि समोरच्या माणसाला नमस्कार, यातला फरक घोड्याच्या पायाखालच्या कपड्यांवरून कसा ओळखायचा?

त्या वेळच्या धर्मनिंदेच्या कायद्याने त्याला सहा महिने झाले असते. पार्लमेंटला ते पुरेसं वाटेना. डिसेंबरात दिवसच्या दिवस चर्चा झाली, फाशीचा ठराव ९६ विरुद्ध ८२ मतांनी पडला. मग शिक्षा ठरली: लंडनच्या रस्त्यांतून ३१० फटके, तापल्या सळीने जीभ टोचणं, कपाळावर धर्मनिंदकाचा ‘बी’ डागणं, ब्रिस्टलमध्ये घोड्यावर उलटं बसवून धिंड आणि नंतर कैद. तुम्ही कुठल्या अधिकारात हे करता, असं तोवर देशाचा सत्ताधीश झालेल्या क्रॉमवेलने पत्र लिहून विचारलं, पण शिक्षा चुकली नाही. नेलर १६५९ मध्ये सुटला, १६६० मध्ये वाटेत लुटारूंच्या हाती सापडला आणि त्यातच गेला. त्याआधी त्याने झाल्या प्रकाराबद्दल जाहीर पश्चात्ताप केला होता आणि फॉक्सशी कशीबशी दिलजमाई झाली होती.

नेलर रँटर होता का? माझ्या मते नाही. त्याने कधी पापाला मोकळीक दिली नाही, शरीरसुखाचं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. पण आतल्या आवाजाला बाहेरून विचारणारं कुणी नसलं तर काय होतं, हे त्याच्या निमित्ताने क्वेकरांना दिसलं. कॉपच्या आणि क्लार्क्सनच्या भोवती असं विचारणारं कुणीच नव्हतं. दडपण येताच त्यांची मंडळी पांगली, ती त्यामुळेच. (क्लार्क्सन पुढे मगल्टोनियन नावाच्या आणखी एका पंथात गेला.) क्वेकरांनी मात्र १६५६ च्या नोव्हेंबरातच यॉर्कशरमधल्या बॉल्बी इथून लग्न, गरिबांची मदत, आपसातली वागणूक यांबद्दल मंडळ्यांना सूचना पाठवल्या. १६६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फॉक्सने मासिक सभांचं जाळं विणलं. आतून आलेली प्रेरणा आधी सभेपुढे ठेवायची, सगळ्यांनी मिळून ती पारखायची. इतिहासकारांच्या अंदाजाने १६६० च्या सुमारास ते ३५ ते ६० हजार होते. एवढा पसारा नुसत्या प्रेरणेवर चालला नसता.

याची किंमतही होती. क्वेकरांतल्याच जॉन पेरटने १६६० च्या दशकाच्या सुरुवातीला विचारलं, की प्रार्थनेच्या वेळी तरी टोपी का काढायची, तोही बाहेरचा विधीच ना? न्यायाधीशापुढे टोपी न काढणाऱ्यांत देवापुढे ती काढण्यावरून उभी फूट पडली. फॉक्सला यात रँटरांचंच भूत दिसलं. सभांच्या अधिकाराला विरोध करणाऱ्यांना उत्तर द्यायला क्वेकर लेखक रॉबर्ट बार्कलेने १६७६ मध्ये पुस्तक छापलं, त्याच्या नावातच ‘रँटरांचं अराजक’ होतं. खरे रँटर विसावून पाव शतक झालं होतं. आता तो शब्द घरातल्या बंडखोराला लावायचा होता.

मुळात खरे रँटर तरी किती होते? जे. सी. डेव्हिस या इतिहासकाराने १९८६ मध्ये मांडलं, की रँटर नावाची चळवळ नव्हतीच. दोन-चार लेखक आणि नागड्या नाचाची चित्रं छापून खपणारी चोपडी, एवढंच. यावर मोठा वाद झाला. संघटित पंथ नव्हता, हे मला पटतं. पण कॉप, क्लार्क्सन, बॉथम्ली यांचं लेखन आजही वाचता येतं, आणि ते काही चोपडी विकणाऱ्यांनी रचलेलं नाही.

एक घोळ अजून राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात रँटर हा शब्द भेटला, तर तो बहुतेक वेळा प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या वेगळ्याच प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांसाठी असतो: उघड्या मैदानात मोठमोठ्याने गाणारे, खाणकामगार आणि शेतमजूर यांच्यातले, दारूच्या सक्त विरोधात असलेले. कॉपशी त्यांचं काही नातं नाही, आणि क्वेकरांशीही नाही.