प्रचार व्हाउचर : मुदत आणि अटी

ठरावीक रकमेची खरेदी केल्यावर, सभासद झाल्यावर किंवा निव्वळ जाहिरात म्हणून दुकानाकडून मिळणारे आणि पुढच्या खरेदीत सवलत देणारे पत्रक किंवा सांकेतिक क्रमांक म्हणजे प्रचार व्हाउचर. रोजच्या बोलण्यात कूपन, गिफ्ट कार्ड, क्रेडिट नोट या सगळ्यांनाच सर्रास ‘व्हाउचर’ म्हणतात. मुदत आणि अटींचा विचार करताना मात्र एक प्रश्न आधी विचारावा लागतो : यासाठी कोणी पैसे मोजले आहेत का? मोजले असतील तर ती ग्राहकाने दुकानाकडे ठेवलेली रक्कम असते. मोजले नसतील तर ते दुकानदाराने सवलत देण्याचे आश्वासन असते, आणि ते किती दिवस व कशावर पाळायचे हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

अटींची रचना : दिवाळीच्या आसपास कपड्यांच्या दुकानांत दिसणारा एक नेहमीचा नमुना घ्या. फलकावर लिहिलेले असते, ‘₹३,००० च्या खरेदीवर ₹१,००० चे व्हाउचर मोफत’. काउंटरवर हातात पडतात ती अडीचशे-अडीचशेची चार कूपने. प्रत्येकावर वेगळा महिना असतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘किमान खरेदी ₹१,५००, एका बिलावर एकच कूपन’. म्हणजे ते हजार रुपये पुरते वसूल करायचे तर चार महिन्यांत चार फेऱ्या आणि आणखी ₹६,००० ची खरेदी. पहिली खरेदी धरून ₹९,००० वर ₹१,००० सुटले, म्हणजे सूट साधारण ११ टक्क्यांची झाली. फलक वाचताना ती ३३ टक्क्यांची वाटते. यात खोटे काहीच नाही, फक्त फलकावर गणिताची पहिली ओळ तेवढी लिहिलेली असते.

याशिवाय ठरलेल्या अटी म्हणजे सेलमधल्या मालावर न चालणे, दुसऱ्या योजनेबरोबर न जोडणे, ठरावीक ब्रँड वगळणे, उरलेली रक्कम रोख न देणे आणि ऑनलाइन खरेदीला लागू नसणे. सराफी दुकानांत सवलत बहुधा घडणावळीवर असते आणि सोन्याची नाणी व वळी वगळलेली असतात. सोन्याच्या भावात सराफाला फारसा वाव नसतो, सूट देण्याजोगा नफा असतो तो मजुरीतच. त्यामुळे ही अट इतरांच्या मानाने प्रामाणिक म्हणावी लागेल. व्हाउचर वापरून घेतलेली वस्तू परत केली तर व्हाउचरची रक्कम सहसा बुडते. पण परत केलेल्या मालाच्या बदल्यात मिळालेली क्रेडिट नोट ही ग्राहकाच्याच पैशांची असते. तिच्यावर प्रचार व्हाउचरसारखी महिन्या-दोन महिन्यांची मुदत छापणे अनेक दुकानांत सुखेनैव चालते, आणि ते समर्थनीय नाही.

मुदतीमागचे कारण : सणाच्या गर्दीत दुकानदाराला गिऱ्हाईक ओढायची फारशी गरज नसते. ती असते सणानंतरच्या मंदीत, म्हणून दिवाळीत दिलेली कूपने दिवाळी सरल्यावर सुरू होतात आणि हंगामअखेरच्या सेलपूर्वी संपतात. दुसरे कारण हिशेबाचे. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार, खरेदीसोबत दिलेली पुढची सवलत लक्षणीय असेल, तर आजच्या विक्रीच्या रकमेचा काही भाग लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. व्हाउचर वापरले जाईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत तो देणे म्हणून बाजूला राहतो. किती ग्राहक ते वापरणारच नाहीत याचा अंदाजही या हिशेबात धरला जातो. व्हाउचर ड्रॉवरमध्ये पडून राहणे हा योजनेचा अपघात नसून तिचा एक घटक आहे.

हा अंदाज किती महागात पडू शकतो याचे गाजलेले उदाहरण ब्रिटनमधले. १९९२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने किमान १०० पौंडांच्या खरेदीवर परतीची दोन विमान तिकिटे देऊ केली. आधी युरोपची, मग अमेरिकेचीही. अर्ज आणि तारखांच्या किचकट अटींमुळे बहुतेक लोक मध्येच सोडून देतील असा होरा होता. पण तिकिटाची किंमत वस्तूहून जास्त असल्यामुळे लोकांनी अटी चिकाटीने पाळल्या आणि गरज नसताना व्हॅक्यूम क्लीनर विकत घेतले. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला, न्यायालयीन दावे कित्येक वर्षे चालले आणि १९९५ मध्ये तिचा युरोपातील व्यवसाय कँडी या इटालियन कंपनीला विकला गेला.

कायदा : पैसे देऊन घेतलेल्या कार्डांना अनेक देशांनी किमान मुदत ठरवून दिली आहे. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने ती ५ वर्षे आहे, आयर्लंडमध्ये डिसेंबर २०१९ पासून ५ वर्षे आणि ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून ३ वर्षे. फुकट वाटलेल्या प्रचार व्हाउचरना मात्र अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोघांनीही या मुदतीतून वगळले आहे. अमेरिकेत अशा कार्डावर ते प्रचारासाठी असल्याचे आणि मुदतीची तारीख मात्र छापावी लागते.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार प्रीपेड साधनांची, म्हणजे आधी पैसे भरून नंतर खर्चायच्या कार्डांची व वॉलेटची, वैधता शेवटचा भरणा केल्यापासून किमान एक वर्ष असावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि मुदत संपल्यावरही शिल्लक परत मागता येते. गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम ₹१०,००० आहे. गोम अशी की हे नियम अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डांना लागू होतात. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच खरेदीसाठी विकलेले कार्ड रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत येत नाही. म्हणजे वाढदिवसाला मिळालेली, दिसायला सारखीच दोन कार्डे कायद्याच्या दृष्टीने निराळी असू शकतात.

प्रचार व्हाउचरच्या मुदतीला आपल्याकडे किमान मर्यादा नाही. सात दिवसांचे व्हाउचरही चालते. ग्राहकाला आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. देण्याचा हेतू नसताना भेट जाहीर करणे, किंवा जिची किंमत एकूण व्यवहारात पूर्ण वा अंशतः वसूल केली आहे ती वस्तू फुकट असल्याचा आभास निर्माण करणे, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा. ‘अटी लागू’ची चांदणी आणि मुंगीएवढी अक्षरे या कसोटीला क्वचितच उतरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’मध्ये, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन चकवणाऱ्या क्लृप्त्यांमध्ये, खोटी घाई निर्माण करणे हाही प्रकार आहे, त्यामुळे अ‍ॅपवर दर वेळी नव्याने सुरू होणारे ‘शेवटची १० मिनिटे’चे घड्याळ त्यात मोडू शकते.

करआकारणीचा घोळ बरीच वर्षे होता. व्हाउचरचा व्यवहार म्हणजे वस्तू किंवा सेवेचा पुरवठा नव्हे, आणि न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी लागणार नाही, हे ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले.

तक्रार : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. ₹५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. अडचण येते पुराव्याची. बिलाखालीच छापून येणारी कूपने थर्मल कागदावर असतात आणि पाकिटात, उन्हात काही आठवड्यांत फिकी पडतात. मुदतीची तारीख वाचता आली नाही तर कॅशियर कूपन नाकारतो. अटी मागच्या बाजूला किंवा फक्त दुकानाच्या संकेतस्थळावर असतात, आणि तिथल्या मजकुरात नंतर फेरफार होऊ शकतो. म्हणून कूपन मिळाले त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे, फलकाचे आणि बिलाचे फोटो काढून ठेवलेले तक्रारीत उपयोगी पडतात.